घड्याळांचे फोटो वेबपानावर टाकताना दर वेळी नवं काहीतरी बिघडतं

चावीवाली

नमस्कार. मी जुनी, लंबकाची भिंतीवरची घड्याळं दुरुस्त करते. काम वडिलांचं, त्यांच्यामागे मी हातात घेतलं. लोक तेच तेच विचारतात म्हणून दोन वर्षांपूर्वी भाच्याने एक साधी वेबसाइट करून दिली. वर्डप्रेस वगैरे तयार साचा काही नाही, नोटपॅडमध्ये लिहिलेली पानं. आता त्याला वेळ नसतो. मी जुन्या पानाची कॉपी करते, आतला मजकूर बदलते, फोटोंची नावं बदलते आणि सर्व्हरवर चढवते. मजकुराचं काही अडत नाही. फोटो मात्र छळतात.

ताजं पान ठोके चुकणाऱ्या घड्याळावर आहे. काटे चार दाखवतात आणि घड्याळ सात ठोके देतं. ज्या घड्याळात ठोके मोजायला खाचांचं चाक असतं, त्यात बारा तासांचे ७८ ठोके ठरलेल्या क्रमाने पडतात. कुणी ठोके पुरे होऊ न देता काटे पुढे ढकलले की क्रम सरकतो. दुरुस्ती पाच मिनिटांची, पण कुठली तरफ उचलायची ते दाखवल्याशिवाय समजत नाही. म्हणून बारा फोटो आणि हाताने काढलेली एक आकृती टाकली. आता रडगाणं ऐका.

बारापैकी तीन फोटो लोकांना दिसत नाहीत. तिथे म्हणे नुसता फाटका चौकोन येतो. मी माझ्या लॅपटॉपवर पान उघडते तर तिन्ही व्यवस्थित!

दोन फोटो आडवे झालेत. फोनमध्ये सरळ आहेत, पानावर १२ चा आकडा नऊच्या जागी. घड्याळाच्या पानावर हे किती लाजिरवाणं असतं ते सांगायला नको. गंमत म्हणजे पान जड होतंय अशी तक्रार आल्यावर मी हुशारी करून हेच दोन फोटो एका जुन्या प्रोग्रॅममध्ये लहान केले होते. बाकीचे दहा, ज्यांना हात लावला नाही, ते सरळ उभे.

पान जड आहेच. पण मी सगळ्या फोटोंची रुंदी ३०० दिली आहे, दिसतातही छोटे. मग जड कसं?

फोनवर वाचताना मजकूर मध्येच खाली उडी मारतो. आपण ओळ वाचत असतो आणि ती हातातून निसटते. शिवाय फोटोच्या डावीकडे मजकुराची एक काडी उरते, एकेका ओळीत एकेक शब्द. फोटोखालच्या ओळी तर भलत्याच फोटोशेजारी जाऊन बसतात.

भाचा म्हणतो, "मावशी, सगळं नव्याने करायला हवं." माझी तशी इच्छा नाही. चाक झिजलंय म्हणून कुणी अख्खं घड्याळ फेकत नाही.

आयतेबिऱ्हाड

ताई, भाच्याचं ऐका. वर्डप्रेसवर या. २०१५ मधल्या ४.४ आवृत्तीपासून ते एका फोटोच्या लहानमोठ्या प्रती वाचकाच्या स्क्रीनप्रमाणे देतं आणि २०१९ च्या ५.३ पासून २५६० पिक्सेलपेक्षा मोठा फोटो आपणहून लहान करून वापरतं. हाताने एचटीएमएल, म्हणजे पानाच्या खुणा, लिहायचे दिवस गेले.

पिक्सेलपुराण

दिवस गेलेले नाहीत. ताईंचं पान माझ्या जुन्या फोनवर उघडून बघितलं. मजकूर डोळ्याचं पातं लवायच्या आत आला, अडलं ते फोटोंपाशी. शिवाय वर्डप्रेसवर गेलं तरी चुकीच्या मापाचा फोटो, नसलेलं वर्णन आणि भलतीकडे गेलेली ओळ ही दुखणी सोबत जातातच. तिथे "मध्यम" म्हणजे ३०० पिक्सेलची प्रत निवडून ती ताणून मोठी करणारे आणि मग फोटो धूसर का म्हणून विचारणारे रोज भेटतात.

ताई, आधी एक सांगा. तुम्ही "माझ्या लॅपटॉपवर उघडते" म्हणता तेव्हा नेमकं काय करता? वेबसाइटचा पत्ता टाइप करता की फोल्डरमधल्या फाइलवर डबल क्लिक? ब्राउझरच्या वरच्या पट्टीत सुरुवातीला काय दिसतं ते बघून कळवा. तीन फोटोंचा तपास तिथूनच लागेल.

चावीवाली

डबल क्लिक. पट्टीत सुरुवातीला "फाइल" आणि तीन तिरप्या रेघा आहेत. आता पत्ता टाइप करून बघितलं आणि अहो, तिन्ही फोटो मलाही दिसेनात! म्हणजे इतके दिवस मी घरातल्या आरशात बघून बाहेर सगळं ठीक आहे म्हणत होते.

पिक्सेलपुराण

हेच वाटलं होतं. आता सविस्तर लिहितो. इथे कोड टाकला की तो गिळला जातो, म्हणून शब्दांत.

तुमच्या बहुतेक तक्रारींचं मूळ एकच आहे. वर्डच्या फाइलमध्ये आपण फोटो चिकटवतो आणि तो त्या फाइलच्या पोटात जातो. वेबपानाचं तसं नाही. पानात फोटो नसतोच, फोटोचा पत्ता असतो. १९९३ मध्ये मार्क अँड्रीसन यांनी इमेजची खूण सुचवली ती अशीच होती, "या जागी अमुक पत्त्यावरचं चित्र आणून दाखव", आणि आजही तेच चाललंय. म्हणजे तीन गोष्टी सुट्या आहेत: फोटोची फाइल, तिचा पत्ता आणि पानावरची जागा. तुम्ही एकीत बदल करता आणि दुसरी आपोआप बदलेल असं धरून चालता.

आधी पत्ता. न दिसणाऱ्या तिघांपैकी एकाच्या पत्त्यात चक्क तुमच्या सी ड्राइव्हचा रस्ता लिहिलाय. तो तुमच्या लॅपटॉपवर चालतो, जगाला तुमची सी ड्राइव्ह कुठून दिसणार? उरलेले दोन मजेशीर आहेत. फाइलच्या नावाच्या शेवटी जेपीजी कॅपिटलमध्ये आहे, कॅमेऱ्याने तसंच दिलेलं, आणि पानात तुम्ही ते लहान अक्षरांत लिहिलंय. विंडोज दोन्ही एकच मानतं. बहुतेक सर्व्हर लिनक्सवर चालतात आणि लिनक्सला ही दोन वेगळी नावं वाटतात. म्हणून घरी दिसतं, दारी नाही.

यावर माझा नियम असा, की फोटो सर्व्हरवर चढवण्याआधीच नाव बदलायचं. सगळी छोटी रोमन अक्षरं, मध्ये रिकामी जागा नाही, शब्द जोडायला आडवी रेघ. देवनागरी नाव दिलं तर चालतं, पण पत्ता कॉपी करून कुणाला पाठवला की त्यात टक्केचिन्हांची माळ होते. "लंबक" हा शब्द साठवताना चार चिन्हांचा असतो, पत्त्यात तो ३६ चिन्हं खातो. आणि पत्ता नेहमी पानाच्या जागेपासून द्यायचा, म्हणजे "शेजारच्या फोटो नावाच्या फोल्डरमधली अमुक फाइल" असा. तो घरीही चालतो आणि सर्व्हरवरही.

आता आडवे फोटो. फोन उभा धरून फोटो काढला तरी आतला सेन्सर आडवाच असतो. फोन बहुधा ठिपके आडवेच साठवतो आणि फाइलमध्ये एक चिठ्ठी ठेवतो: "दाखवताना उजवीकडे पाव फेरा वळव". या चिठ्ठीच्या जागेला एक्झिफ म्हणतात. २०२० नंतरचे ब्राउझर ही चिठ्ठी न सांगता वाचतात, म्हणून तुमचे न हात लावलेले दहा फोटो सरळ. तुमच्या जुन्या प्रोग्रॅमने फोटो लहान करताना चिठ्ठी फेकून दिली आणि ठिपके मात्र वळवले नाहीत. १२ नऊच्या जागी गेलंय म्हणजे फोटो डावीकडे पाव फेरा कलंडलाय, हिशोब बरोबर जुळतो. इलाज सोपा. मूळ फोटो उघडा, तो खरोखर फिरवून सेव्ह करा, मग लहान करा. पानावर सीएसएसने, म्हणजे पानाची मांडणी ठरवणाऱ्या नियमांनी, फिरवू नका, गुंता वाढतो.

आता वजन, कारण खरं दुखणं हे आहे. तुमचा फोटो ४००० बाय ३००० पिक्सेलचा. पानात रुंदी ३०० लिहिल्याने तो ३०० मध्ये दिसतो, पण फाइल तीच, पूर्ण, ४ एमबीच्या वरची, वाचकाच्या फोनपर्यंत येते आणि तिथे आकसते. दाखवायचे ठिपके ३०० गुणिले २२५ म्हणजे ६७,५०० आणि आणले १ कोटी २० लाख. १७८ पट जास्त! बारा फोटोंचे मिळून ४५ एमबीच्या पुढे जातात. वाचकाचा डेटा जातो आणि वर त्याला स्क्रू दिसतही नाही, कारण ३०० मध्ये तो मुंगीएवढा.

म्हणून आधी कापा, मग लहान करा. हे दोन्ही शब्द महत्त्वाचे आणि क्रमही. चौथ्या फोटोत तुम्हाला दाखवायचीय एक तरफ, आणि फोटोत आहे अख्खं घड्याळ, भिंत, खिडकीचा कोपरा आणि तुमचा अंगठा. तरफेभोवतीचा भाग कापून घ्या. मग रुंदी १४०० पिक्सेल करा. तुमचा मजकुराचा रकाना ७०० चा आहे, आणि हल्लीच्या बऱ्याच स्क्रीन एका पिक्सेलच्या जागी दोन किंवा जास्त ठिपके वापरतात, म्हणून दुप्पट. जेपीजीचा दर्जा ७५ ते ८० ठेवा. फाइल साधारण दोन-अडीचशे केबीपर्यंत यावी. फार चकाकणारं पितळ असेल तर जरा जास्त. यासाठी इरफानव्ह्यू किंवा गिंप पुरे. काही बसवायचं नसेल तर स्क्वूश हे ब्राउझरमध्येच चालतं, आणि शेजारी शेजारी आधीचं-नंतरचं दाखवतं. मूळ फोटो मात्र वेगळ्या फोल्डरात जपा. जेपीजी पुन्हा पुन्हा सेव्ह केला की दर वेळी थोडा झिजतो, तुमच्या चाकांसारखा.

उडी मारणारा मजकूर. तुम्ही फक्त रुंदी लिहिलीय, उंची नाही. फोटो येईपर्यंत ब्राउझरला जागा किती सोडायची ते कळत नाही, तो शून्य सोडतो, मग फोटो आला की खालचं सगळं ढकलतो. रुंदी आणि उंची दोन्ही लिहा, फाइलची खरी मापं, १४०० आणि जे काय असेल ते. दोन आकडे मिळाले की ब्राउझर प्रमाण काढून जागा आधीच राखून ठेवतो.

मजकुराची काडी आणि भटकणाऱ्या ओळी या दोन्हींचा जनक तुमच्या भाच्याने घातलेला "अलाइन राइट". एचटीएमएल ५ मध्ये तो मोडीत काढलाय, ब्राउझर जुन्या ओळखीवर चालवून घेतात. फोन ३६० पिक्सेल रुंद धरा. ३०० चा फोटो उजवीकडे गेला, उरले ६०, त्यात समास. तिथे मराठी शब्द मावणार तरी किती? मी तर म्हणेन, क्रमाने दाखवायच्या फोटोंना बाजूला बसवूच नका. पूर्ण रुंदीचा फोटो, खाली त्याची ओळ, मग पुढचा मजकूर. वाचक एका हातात स्क्रूड्रायव्हर धरून वाचतोय. बाजूला बसवायचाच हट्ट असेल तर सीएसएसमध्ये अट घाला, की स्क्रीन ६०० पिक्सेलपेक्षा रुंद असेल तरच फ्लोट.

ओळ फोटोला बांधून ठेवायची तर दोन्ही "फिगर" नावाच्या एका खोक्यात घाला आणि ओळीला "फिगकॅप्शन" करा. मग ती सुटून जात नाही. एक खोच आहे: ब्राउझर फिगरला दोन्ही बाजूंना ४० पिक्सेल समास न विचारता देतो. फोनवर ८० पिक्सेल फुकट जातात. डावा-उजवा समास शून्य करा.

पहिला सोडून बाकीच्या फोटोंना "लोडिंग लेझी" जोडा, वाचक जवळ आला की मगच ते येतील. पहिल्याला नको, तो उघडताक्षणी दिसायलाच हवा.

बाकी एक्झिफबद्दल जे सांगायचंय ते वेगळं लिहितो, ते जास्त गंभीर आहे.

पिक्सेलपुराण

हां. ताई, तुम्ही गिऱ्हाइकांच्या घरी जाऊन फोटो काढता का? मी तुमचे चढवलेले फोटो उतरवून बघितले. न हात लावलेल्या दहापैकी सहांच्या एक्झिफमध्ये ते कुठे काढले त्याचे अक्षांश-रेखांश आहेत. म्हणजे कुणाच्या घरात जुनं, मौल्यवान घड्याळ आहे आणि ते घर कुठे आहे, हे तुम्ही नकळत छापलंय. आजच काढा. पानातून फोटो वगळून भागणार नाही, पत्ता माहीत असलेल्याला फाइल मिळतच राहते. सर्व्हरवरून फाइलच पुसा. नवी प्रत सेव्ह करताना "मेटाडेटा ठेवू नका" ही खूण करा, आणि फोनच्या कॅमेऱ्यातली लोकेशनची नोंद बंदच करा. फक्त क्रम लक्षात ठेवा: आधी फिरवून सेव्ह, मग एक्झिफ पुसणं. उलट केलं तर पुन्हा १२ नऊच्या जागी.

चावीवाली

बाप रे. हे डोक्यातच नव्हतं. पाच घरांतले फोटो आहेत. सगळं सोडून आधी ते सहा पुसले, तेवढ्या जागा आता रिकाम्या आहेत. एका फोटोत तर काचेत घरमालकीणबाई दिसतायत, तेही आत्ता लक्षात आलं. आमचे वडील म्हणायचे, काच पुसून झाल्यावर स्वतःकडे नाही, काचेकडे बघ.

बाकीचं उद्या शांतपणे करते.

शाईचाडाग

सगळे फोटोंवरच बोलतायत, त्या आकृतीकडे कुणी बघितलं का? ताई, चाकांची रचना तुम्ही छान काढलीय, अक्षरही वळणदार. पण ती जेपीजी आहे आणि प्रत्येक अक्षराभोवती धूळ उडाल्यासारखं दिसतं. जेपीजी चित्राचे ८ बाय ८ ठिपक्यांचे चौकोन करून त्यांतले बारकावे गाळतं. फोटोत ते खपून जातं. पांढऱ्यावर काळी रेघ असली की तीच काटछाट डाग होऊन दिसते. रेघा, अक्षरं, स्क्रीनशॉट यांना पीएनजी. परत स्कॅन करून थेट पीएनजी करा, जेपीजीचं पीएनजी केलं तर धूळही सोबत येईल.

स्कॅन किती मोठं केलंत? फाइल बघून वाटतं ए४ कागद ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० ठिपके), म्हणजे ४९६० बाय ७०१६. मी छपाईतला माणूस, तरी सांगतो, पडद्याला डीपीआयशी घेणंदेणं नसतं. "वेबसाठी ७२ डीपीआय करा" असं सांगणारे अजून भेटतात. फाइलमध्ये ७२ लिहा नाहीतर ३०० लिहा, १४०० पिक्सेल ते १४०० पिक्सेल. तो आकडा कागदावर लागतो. उलटी चूक मी केलीय. एका पुस्तिकेसाठी वेबपानावरून ६०० पिक्सेलचं चित्र उचललं, पडद्यावर झकास दिसत होतं, आणि छापायच्या वेळी कळलं की ३०० डीपीआयला ते दोन इंचांचं आहे. अर्धं पान मोकळं सुटलं होतं. तिथे शेवटी जाहिरात लावली.

तुमच्या आकृतीला करडी छटा पुरे, रंग नकोत. पीएनजी करताना रंग कमी केले, अगदी १६, तरी रेघ तशीच राहते आणि फाइल बरीच हलकी होते.

कानदेऊन

मी उशिरा आलो. मला दिसत नाही, स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचं बोलून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमवर, वाचतो. आमच्याकडे ठोक्यांचं घड्याळ आहे आणि ते माझ्या दृष्टीने घरातलं सगळ्यात उपयोगी यंत्र. ते चुकतंय म्हणूनच मी ताईंच्या पानावर पोचलो.

तिथे मला काय ऐकू आलं ते सांगतो. "तरफ हलक्या हाताने उचला, फोटोत दाखवल्याप्रमाणे." मग: "आयएमजी, दोन शून्य दोन चार एक एक..." आणि पुढे आकडेच आकडे. बारा वेळा. फोटोला ऑल्ट नसलं की माझा रीडर फाइलचं नाव वाचतो. कॅमेऱ्याने ठेवलेलं नाव म्हणजे तारीख आणि वेळ. पिक्सेलपुराण, तुम्ही एवढं लांबलचक लिहिलंत आणि ऑल्टचा शब्द नाही. जरा राग आला, लपवत नाही.

ऑल्ट म्हणजे फोटोच्या जागी वाचला जाणारा मजकूर. इमेजच्या खुणेतच तो लिहायचा असतो. न आलेल्या फोटोच्या जागीही तोच दिसतो, म्हणजे ताईंच्या त्या तीन फाटक्या चौकोनांपाशी डोळस वाचकांचंही काम भागलं असतं.

लोक दोन प्रकारे तो वाया घालवतात. एक, "घड्याळाचा फोटो" असं लिहून. फोटो आहे हे रीडर आधीच सांगतो आणि घड्याळाचंच पान आहे. दुसरं, शोधात वर यावं म्हणून शब्दांची गाडी भरून: "जुने घड्याळ दुरुस्ती लंबक घड्याळ ठोके". ते ऐकणं म्हणजे कुणीतरी कानात जाहिरातीचा कागद वाचतंय.

फोटो काढून टाकला तर त्या जागी तुम्ही कोणतं वाक्य लिहिलं असतं? ते ऑल्ट. चौथ्या फोटोला उदाहरणार्थ: "मागच्या पट्टीच्या डाव्या कडेला बोटाएवढी पातळ तरफ, तिचं टोक खाचांच्या चाकावर टेकलेलं." तरफ खरोखर कुठे आहे ते मला माहीत नाही, ते तुम्ही लिहायचं.

फोटोखालची ओळ आणि ऑल्ट एकच ठेवू नका, मला तेच दोनदा ऐकावं लागतं. ओळीत तुम्हाला जे वाटतं ते लिहा, ही तरफ बहुतेक वेळा गंजलेली असते वगैरे. ऑल्टमध्ये जे दिसतं ते. आणि परिच्छेदांमध्ये तुम्ही जी वेलबुट्टी घातलीय, तिला ऑल्ट द्या पण रिकामं, अवतरणचिन्हांत काहीच नाही असं. रिकामं ऑल्ट असलं की रीडर गप्प पुढे जातो. ऑल्टच नसलं की परत आकडे.

पिक्सेलपुराण

मान्य. कान पकडतो. हे पहिल्या परिच्छेदात यायला हवं होतं.

चावीवाली

तीन दिवस लागले. दमले, पण बरंच जमलंय. हिशोब देते.

आडवे दोन सोडून बाकी फाइलींची नावं बदलली. सगळे फोटो कापून, सरळ करून लहान केले, जागेची नोंद पुसली. बारा फोटो मिळून २.६ एमबी झाले. एक फोटो तर मी टाकूनच दिला आणि नवा काढला, काचेतल्या बाईंशिवाय. भाच्याचा अलाइन राइट काढला. आकृती परत स्कॅन केली. धूळ गेली.

पण दोन नवी दुखणी. रुंदी-उंची दोन्ही लिहिल्यावर गोल तबकडी अंड्यासारखी उभट झाली, फोनवर तर फारच! घड्याळवालीच्या पानावर अंडाकृती घड्याळ. दुसरं म्हणजे आडवे दोन फोटो बदलून चढवले तरी माझ्या फोनवर अजून आडवेच. सर्व्हरवर नवी फाइल आहे, मी स्वतः बघितलं. आणि हो, या वेळी पत्ता टाइप करून बघितलंय.

पिक्सेलपुराण

अंडं माझ्यामुळे. सीएसएसमध्ये इमेजसाठी दोन ओळी लागतात: कमाल रुंदी १०० टक्के आणि उंची ऑटो. तुमच्याकडे पहिली आहे, दुसरी नाही. रुंदी रकान्याइतकी आकसते आणि उंची तुम्ही लिहिलेल्या आकड्यावरच अडून बसते. उंची ऑटो लिहा, लिहिलेले आकडे तसेच राहू द्या, जागा राखायला ते लागतातच.

आडव्या फोटोंचं कारण पुन्हा पत्ता. तुमचा फोन म्हणतो, या पत्त्यावरचं चित्र मी आधीच आणून ठेवलंय, परत कशाला जाऊ? फाइल बदलली तरी पत्ता तोच आहे ना. नावाच्या शेवटी २ जोडा आणि पानातही तसं करा. नवा पत्ता म्हणजे नवी फेरी.

चावीवाली

तबकडी गोल झाली. १२ बाराच्या जागी.

कानदेऊन, ऑल्ट लिहिताना मला घाम फुटला. जे मी चाळीस वर्षं नुसतं बोट दाखवून सांगत आले ते शब्दांत बसेना. एका फोटोला सहा वेळा लिहिलं. आणि लिहिता लिहिता कळलं की पाचवा आणि सहावा फोटो एकच गोष्ट दाखवतात, म्हणून सहावा काढला. आता अकराच आहेत. ऐकून बघाल का?

कानदेऊन

ऐकलं. सुरुवातीचं सगळं समजलं, मागची पट्टी हाताने चाचपून तरफ सापडलीसुद्धा. "चाकाच्या खाचेत बसलेलं, पक्ष्याच्या चोचीसारखं टोक" हे फार छान, बोटाला अगदी तसंच लागलं. अडलो सातव्यावर. तुम्ही लिहिलंय, "तरफ उचललेल्या स्थितीत." किती उचललेली? मी थोडी उचलली तर एक टक् आवाज आला आणि काहीच झालं नाही.

चावीवाली

चूक माझी, फोटोत ते दिसतं म्हणून लिहिलंच नाही. टोक खाचेतून पूर्ण बाहेर येईपर्यंत उचलायची, साधारण तांदळाच्या दाण्याच्या लांबीइतकी, आणि लगेच सोडायची. मग ठोके आपोआप सुरू होतील. ते मोजा. काट्यांशी जुळेपर्यंत परत तेच. ऑल्ट आत्ता बदलते.

कानदेऊन

आठ पडले. मग नऊ. काटे चाचपले, साडेतीन वाजलेत. म्हणजे तीनवर आणून थांबायचं ना? अजून बरेच ठोके आहेत, शेजारी झोपलेत. संध्याकाळी करतो.